‘फुकट सॉफ्टवेअरने नकाशा बिघडवला’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

क्यूजीआयएस (नकाशे तयार करण्याचे मुक्त सॉफ्टवेअर) आणि जिओसर्व्हर (ते प्रसिद्ध करणारे मुक्त सर्व्हर-सॉफ्टवेअर) वापरून तालुक्याचा नकाशा आंतरजालावर कसा ठेवावा, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि काहीशी रागावलेली प्रतिक्रिया लिहिली आहे. मुद्दे नेमके आहेत, म्हणून उत्तरही थोडे लांबणार आहे. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात असे: माण तालुक्यातील पाणलोटाच्या कामासाठी आपण गावांच्या हद्दी, विहिरी आणि पाझर तलाव यांचा नकाशा केला. त्यात ९०० हेक्टरांचे गाव ९९७ हेक्टरांचे निघाले, सर्व्हरवर चढवल्यावर गावांची मराठी नावे वाचता येईनाशी झाली, विहिरी भलत्याच समुद्रात जाऊन पडल्या आणि दोन गावांच्या मध्ये फटी दिसू लागल्या. हेच फोल्डर एका कार्यालयातल्या परवानाधारक सॉफ्टवेअरमध्ये उघडले तेव्हा सगळे जागच्या जागी होते. यावरून आपला निष्कर्ष असा, की मुक्त सॉफ्टवेअर हौशी लोकांसाठी ठीक, गंभीर कामासाठी नाही. आणि माझ्या लेखातली प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याची पद्धत), एन्कोडिंग (अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत), परवाना यांची उठाठेव अनावश्यक आहे, कारण केएमएल फाइल (नकाशाच्या माहितीचे एक साधे स्वरूप) एखाद्या फुकटच्या संकेतस्थळावर चढवली की काम होते.

आपल्या नकाशात जे घडले ते खरे आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. मात्र यांपैकी पहिल्या तिन्ही बिघाडांचे मूळ एकच आहे असे मला वाटते, आणि ते सॉफ्टवेअरच्या किमतीत नाही. माहिती जेव्हा स्वतःविषयी काही सांगत नाही, म्हणजे आपण कोणत्या प्रक्षेपणात आहोत, कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहोत, आपला पहिला आकडा अक्षांश आहे की रेखांश, तेव्हा प्रत्येक सॉफ्टवेअरला अंदाज बांधावा लागतो. कार्यालयातल्या संगणकाचा अंदाज बरोबर आला, आपल्या सर्व्हरचा चुकला. आपणच लिहिले आहे की कार्यालयात पूर्ण फोल्डर नेले होते आणि सर्व्हरवर मात्र ‘मुख्य तीन फाइली’ चढवल्या. शेपफाइल, म्हणजे आपण वापरलेले नकाशाच्या माहितीचे स्वरूप, हा अनेक फाइलींचा संच असतो. त्यात प्रक्षेपण सांगणारी पीआरजे आणि एन्कोडिंग सांगणारी सीपीजी या दोन फाइली आकाराने इतक्या किरकोळ असतात की त्या गाळल्याने काही बिघडेल असे कुणालाही वाटत नाही. सीपीजीमध्ये तर बहुधा ‘यूटीएफ-८’ (सर्व लिप्यांना चालणारे एन्कोडिंग) एवढाच मजकूर असतो. पण माहितीची ओळख सांगण्याचे काम नेमक्या याच दोन फाइली करतात.

आता क्षेत्रफळ. ९९७ भागिले ९०० केले की १.१०८ येतात, आणि हा आकडाच निदान सांगतो. माण तालुका साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. वेब मर्केटर, म्हणजे ईपीएसजी ३८५७ (ईपीएसजी हे प्रक्षेपणांना दिलेले क्रमांक), हे आंतरजालावरील बहुतेक पार्श्वनकाशांचे प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जाऊ तसे सर्व काही मोठे दाखवते. या अक्षांशावर लांबी साधारण पाच टक्क्यांनी फुगते, आणि क्षेत्रफळ दोन्ही दिशांनी फुगत असल्यामुळे जवळजवळ अकरा टक्क्यांनी. आपण आधी उपग्रहचित्राचा थर उघडला असणार. रिकाम्या प्रकल्पात पहिला थर आला की क्यूजीआयएस त्याचेच प्रक्षेपण प्रकल्पाला लावते. मग नवा थर तयार करताना समोर आलेले ३८५७ तसेच स्वीकारले गेले आणि हद्दी त्यात गिरवल्या गेल्या. इथवर काहीच बिघडलेले नाही, कारण हद्दी जागेवरच आहेत. बिघडले ते फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये. तिथे क्षेत्रफळाची दोन सूत्रे आहेत: डॉलरचिन्ह लावलेले ‘$एरिया’ प्रकल्पात ठरवलेला लंबगोल (पृथ्वीचा किंचित चपटा आकार) विचारात घेऊन जमिनीवरचे क्षेत्र देते, तर कंसात भूमिती घेणारे ‘एरिया’ थराच्या सपाट प्रक्षेपणात मोजून मोकळे होते. दिसायला ही दोन सूत्रे सख्ख्या भावांसारखी, पण उत्तरात ९७ हेक्टरांचा फरक.

ही रचना सोयीची आहे असे मी म्हणणार नाही. नव्या माणसाने यात फसू नये अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, आणि एवढ्यापुरती आपली तक्रार मला पूर्ण मान्य आहे. उपाय मात्र सोपा आहे. थर ईपीएसजी ३२६४३, म्हणजे यूटीएम या जगाचे पट्टे पाडणाऱ्या प्रक्षेपणपद्धतीच्या ४३ उत्तर विभागात, रूपांतरित करून घ्या. माणमधल्या दहिवडीचा परिसर या विभागाच्या मध्य रेखांशापासून, म्हणजे ७५ अंशांपासून, फार दूर नाही. त्यामुळे ९०० हेक्टरांच्या गावात प्रक्षेपणामुळे येणारी चूक हेक्टरभराहून कमी राहील. इथे ‘रूपांतरित’ हा शब्द महत्त्वाचा आहे. थराच्या गुणधर्मांत जाऊन प्रक्षेपणाचे नाव बदलले तर आकडे तेच राहतात आणि फक्त पाटी बदलते. त्याने आपला तालुका थेट हजारो किलोमीटर दूर जाईल. त्यासाठी ‘रीप्रोजेक्ट लेयर’ हेच साधन वापरावे लागते. जाता जाता विदर्भातल्या वाचकांसाठी सांगतो: ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर या बाजूला ४४ वा विभाग लागतो. संपूर्ण महाराष्ट्र एकाच प्रक्षेपणात हवा असेल तर राज्यासाठी ईपीएसजी ७७६७ असे स्वतंत्र प्रक्षेपण उपलब्ध आहे. आणि एवढे सगळे करूनही सातबाऱ्यांची बेरीज नकाशाशी तंतोतंत जुळेल असे मानू नये, कारण गावठाण, रस्ते आणि ओढ्यांखालची जमीन त्या बेरजेत सगळीच येत नाही.

मराठी नावांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इंग्रजीत काम करणाऱ्यांना तो येतच नाही आणि म्हणून परदेशी मार्गदर्शिकांत त्यावर जेमतेम दोन ओळी असतात. ‘अक्षरे फुटली’ असे आपण लिहिले आहे, पण अक्षरे तीन निरनिराळ्या तऱ्हांनी फुटतात आणि प्रत्येकीचा उपचार वेगळा आहे. नावाच्या जागी टोप्या-टिंबांच्या रोमन अक्षरांची लांबलचक रांग दिसत असेल तर माहिती शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचली जात आहे. जिओसर्व्हरमध्ये शेपफाइलचा स्टोअर (माहितीच्या स्रोताची नोंद) तयार करताना डीबीएफच्या, म्हणजे तिच्या तक्त्याच्या फाइलीच्या, कॅरेक्टर सेटची चौकट असते आणि तिथे आपोआप ‘आयएसओ-८८५९-१’ निवडलेले असते. ते ‘यूटीएफ-८’ करा आणि त्यानंतर टाइलचा कॅश (आधीच बनवून साठवलेली नकाशाची चित्रे) रिकामा करायला विसरू नका, नाहीतर दुरुस्ती होऊनही जुनीच चित्रे दिसत राहतात आणि माणूस चक्रावून पुन्हा पहिल्यापासून सगळे तपासायला लागतो. नावांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील तर माहितीही बरोबर आहे आणि वाचनही. सर्व्हरवर देवनागरीचा फॉन्टच नाही. लिनक्सच्या सर्व्हरवर नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी बसवून जिओसर्व्हर पुन्हा सुरू करावा आणि शैलीच्या फाइलमध्ये फॉन्टचे नाव अक्षरशः तेच लिहावे. तिसरी तऱ्हा प्रश्नचिन्हांची, आणि ती खरोखर वाईट. फाइल साठवतानाच देवनागरीला जागा नसलेले एन्कोडिंग निवडले गेले, अक्षरे तिथेच गेली, आणि आता कोणतेही सॉफ्टवेअर, फुकटचे असो वा लाखाचे, ती परत आणू शकत नाही. आपल्याकडची दुसरी तऱ्हा असेल तर आपली अर्धी तक्रार एका फॉन्टने मिटते. (श्रीलिपीत किंवा आयएसएमच्या जुन्या टंकांत भरलेले तक्ते या तिन्हींत मोडत नाहीत. तिथे मुळात मराठी नसतेच, मराठीसारखी दिसणारी रोमन चिन्हे असतात, आणि ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागतात.)

शिवाय शेपफाइलचे स्वतःचे दुखणे आहे. तिच्या तक्त्यात स्तंभाच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, उकार ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘गाव’ हे नाव ९ बाइटांत कसेबसे बसते. ‘तालुका’ला १८ लागतात, म्हणून ते ‘ल’च्या पुढे तुटते. मजकुराच्या स्तंभाची मर्यादा २५४ बाइट आहे, म्हणजे मराठीची जेमतेम ८४ चिन्हे. शेऱ्याच्या रकान्यातली आपली वाक्ये अर्ध्यावर तुटण्याचे कारण हेच. हे स्वरूप एका व्यावसायिक कंपनीने १९९०च्या दशकात आणले, तेव्हा याचा दोष मुक्त सॉफ्टवेअरच्या माथी मारणे काही बरोबर नाही. जिओपॅकेज हे स्वरूप २०१४ मध्ये प्रमाणित झाले. त्यात एकाच फाइलीत सगळे थर, त्यांची प्रक्षेपणे आणि यूटीएफ मजकूर एकत्र राहतात, ‘मुख्य तीन’ वेगळ्या काढण्याची सोयच नसते, आणि म्हणूनच लेखात मी त्याचा आग्रह धरला होता.

विहिरींचे उत्तर फार लांब नाही. आपल्या विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या पश्चिमेकडच्या समुद्रात पडल्या, कारण १७.७ आणि ७४.५ यांची अदलाबदल झाली. मोबाइलवरचे जीपीएस अक्षांश आधी सांगते. क्यूजीआयएसला मात्र ‘एक्स’च्या जागी रेखांश हवा असतो. सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) आयात करताना दोन रकाने उलटे निवडले गेले, एवढेच. तिथे सगळे ठीक असेल आणि थर डब्ल्यूएमएस या नकाशाचे चित्र देणाऱ्या सेवेमार्गे मागवल्यावरच घोळ होत असेल, तर आवृत्ती पाहा: १.१.१ मध्ये ईपीएसजी ४३२६ (साधे अक्षांश-रेखांश) साठी रेखांश आधी येतो आणि १.३.० मध्ये अक्षांश. मानके ठरवणाऱ्यांनी हा बदल करून जगभरातल्या किती लोकांचा वेळ खाल्ला याचा हिशेब कुणी मांडू नये हेच बरे.

केएमएलविषयी आपण म्हणता त्यात तथ्य आहे. केएमएल सहसा गोंधळ करत नाही, कारण त्यात निवडच नाही: प्रक्षेपण एकच, क्रम एकच, रेखांश आधी. पण त्यातून माझेच म्हणणे सिद्ध होते, की माहितीची ओळख पक्की असली की सॉफ्टवेअर बिनचूक वागते. आंतरजालासाठीचे जिओजेसन हे स्वरूपही २०१६ च्या प्रमाणानुसार तसेच बांधलेले आहे. जिओजेसनची फाइल जड होते, ही आपली आणखी एक तक्रार. त्याचे कारण मात्र दशांश स्थळांत आहे. क्यूजीआयएस आपणहून १५ स्थळे लिहिते, आणि अंशाच्या पंधराव्या दशांशाने दाखवले जाणारे अंतर एखाद्या अणूच्या व्यासाएवढे भरते. उपग्रहचित्रावरून हाताने गिरवलेल्या बांधाला ६ स्थळे, म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर, हेसुद्धा पुष्कळ झाले. निर्यातीच्या चौकटीत ‘कोऑर्डिनेट प्रिसिजन’ ६ करा, फाइल बरीच हलकी होईल.

आपला जो मुद्दा मला मुळीच मान्य नाही तो हा, की प्रकाशनासाठी वेगळा, छाटलेला तक्ता करणे हे वेळखाऊ सोवळे आहे. आपल्या विहिरींच्या थरात मालकाचे नाव आणि मोबाइल क्रमांक असे रकाने आहेत, हे आपल्याच प्रतिक्रियेतून कळले. नकाशावर ते दिसत नाहीत, कारण शैलीत फक्त विहिरीचा क्रमांक दाखवला आहे. पण जिओसर्व्हर डब्ल्यूएमएसने चित्र देतो तसाच डब्ल्यूएफएसने संपूर्ण तक्ता देतो, आणि ही दुसरी सेवा आपोआप चालू असते. पत्ता माहीत असलेला कुणीही एका विनंतीत सगळ्या शेतकऱ्यांचे क्रमांक उतरवून घेऊ शकतो. चित्रात न दाखवणे आणि न देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये फक्त सार्वजनिक रकाने असलेला व्ह्यू (मूळ तक्त्यावरून बनणारा दर्शनी तक्ता) करावा आणि तोच प्रकाशित करावा. मूळ तक्त्यापर्यंत सर्व्हरचा हात पोहोचूच देऊ नये. व्यवस्थापकाचा मूळचा पासवर्ड बदलणे आणि आवृत्ती ताजी ठेवणे हेही ओघाने आलेच. २०२४ मध्ये जिओसर्व्हरमध्ये सापडलेली त्रुटी इतकी गंभीर होती, की जुन्या आवृत्तीच्या सर्व्हरवर कुणी तिऱ्हाईत बाहेरून आज्ञा चालवू शकत होता. मुक्त सॉफ्टवेअरवर टीकाच करायची असेल तर ती इथे करावी. दुरुस्ती लगेच आली, पण ती बसवण्याचे काम आपले आपल्यालाच करावे लागते.

परवान्याचेही तेच. हद्दी कोणत्या चित्रावरून गिरवल्या हे लिहून ठेवा, कारण व्यावसायिक उपग्रहचित्रांवरून गिरवण्याची मुभा सर्वत्र नसते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशातून रस्ते घेतले असतील तर त्याचा २०१२ पासूनचा ओडीबीएल परवाना श्रेय देण्याचे आणि त्यावरून बनवलेला डेटाबेस त्याच अटींवर खुला ठेवण्याचे बंधन घालतो.

राहिल्या फटी. थर साधा, म्हणजे कमी बिंदूंचा, करण्यासाठी आपण वापरलेले क्यूजीआयएसचे ‘सिम्प्लिफाय’ प्रत्येक बहुभुज सुटा घेऊन त्यातले बिंदू गाळते, त्यामुळे शेजारच्या दोन गावांची एकच हद्द दोन वेगळ्या रेषांत साधी होते. मॅपशेपर, ग्रासचे ‘व्ही.जनरलाइझ’ किंवा पोस्टजीआयएस ३.४ पासून आलेले ‘एसटी_कव्हरेजसिम्प्लिफाय’ ही साधने सामाईक हद्द एकदाच धरतात. त्यांची अट एवढीच, की मूळ थरात दोन्ही गावांच्या हद्दीचे बिंदू नेमके एकाच जागी असले पाहिजेत. गिरवताना स्नॅपिंग (जवळच्या बिंदूला आपोआप चिकटण्याची सोय) बंद असेल तर ते तसे नसतील, आणि मग आधी हद्दी जुळवाव्या लागतील. कार्यालयातल्या सॉफ्टवेअरमध्ये फटी दिसल्या नाहीत, पण तिथे आपण साधा न केलेला मूळ थर पाहिला होता. त्याच थरावर क्यूजीआयएसचे ‘चेक व्हॅलिडिटी’ आणि टोपॉलॉजी चेकर (हद्दी एकमेकींशी नीट जुळतात का ते तपासणारे साधन) चालवून पाहा. कुठे गावे एकमेकांवर चढलेली आढळली तर ते फोल्डर, या खेपेस पीआरजे आणि सीपीजीसह पण मोबाइल क्रमांकांचा रकाना काढून, मला पाठवा. हद्दी हाताने जुळवाव्या लागतील की साधनाने भागेल हे मी पाहून कळवतो.