३१ मार्चला वर्ष संपतं, द्राक्षं नाही

नाशिकच्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: "नवं सॉफ्टवेअर घेतलंय? ३१ मार्चच्या रात्री जुनं बंद, १ एप्रिलला नवं चालू. दोन्ही चालवणं म्हणजे दुप्पट काम. शिवाय जुनं हाताशी असलं की माणसं नवं शिकत नाहीत. मोठ्या कंपन्या एका झटक्यात बदलतात." मी द्राक्षाच्या पॅकहाउसचे, म्हणजे माल निवडून पेट्यांत भरणाऱ्या केंद्राचे, हिशेब सांभाळतो, म्हणून राहवत नाही.

आधी तारीख. ओपनिंग बॅलन्स चढवायला १ एप्रिल बरा, पण ती सोय सीएची. पिंपळगाव-दिंडोरीकडे तेव्हा माल येतच असतो. गेटवर पिकअपची रांग आणि वजनकाट्यावरचा पोरगा नव्या स्क्रीनवर बटण शोधतोय, हे चित्र डोळ्यासमोर आणा.

दुप्पट काम? कबूल. प्रत्येक पावती दोनदा, तीही संध्याकाळी सातनंतर. पण त्यातच तिसऱ्या दिवशी आमचा स्टॉक जुळेना. २०० पेट्यांत बरोबर १०० किलोचा फरक! नव्यात प्रत्येक पेटी ५ किलोची धरली होती, त्या होत्या साडेचारच्या. आयटम मास्टरमधला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या मूळ यादीतला, एक आकडा. जुनं बंद केलं असतं तर तो पॅकिंग लिस्टवर बसून कंटेनरबरोबर गेला असता. आणि दोन्ही वर्षभर चालवा असं म्हणतंय कोण? एक महिनाअखेर जुळली की पुरे.

मोठ्या कंपन्यांचं म्हणाल, तर १९९९ मध्ये अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने हॅलोविनच्या विक्रीच्या तोंडावर नवी यंत्रणा एकदम चालू केली. चॉकलेट गोदामात होतं, तरी सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पोचल्या नाहीत. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये हेच केलं. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपलं खातं ऑनलाइन बघता येईना; २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांवर दंड बसला.

कधी कधी झटक्याला पर्याय नसतो, तेही खरं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा जुनं बिल आणि नवं बिल शेजारी शेजारी फाडायची सोय नव्हती.

माणसं शिकत नाहीत, हा मुद्दा मात्र अगदी बरोबर. आम्ही जुनं बंद करायची तारीख दोनदा पुढे ढकलली आणि तितके दिवस सगळे जुन्यातच रमले. तारीख आधीच भिंतीवर लावायची, नंतर जुनं फक्त बघण्यापुरतं ठेवायचं.

आता हजेरी-मजुरीचा भाग बाकी आहे. तो ऑगस्टमध्ये, छाटणीच्या आधी, एकाच पॅकहाउसात लावतोय. पहिला पगार दोन्हीकडे काढणार.