काळजी घ्या म्हणजे नेमकं काय करा?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी वर्षातून दोनदा तरी नव्यासारखी येते. लातूर जिल्हा परिषदेनं २०२० च्या शेवटी ठराव केला होता, की जे कर्मचारी म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते पैसे थेट आईवडिलांच्या खात्यात भरायचे. पुढे काही जणांचे कापलेही गेले. बातमी आली की मामा लिहितात, ‘असंच पाहिजे.’ मावसभाऊ लिहितो, ‘परदेशातल्यांचे डॉलर कोण कापणार?’ मी तोक्योत राहते, आम्हाला डॉलर नाही, येन मिळतात. पण रोख कुणाकडे आहे ते कळतं.

मग दोन तट पडतात. एक म्हणतो, संस्कार संपले. दुसरा म्हणतो, वृद्धाश्रमाला नावं ठेवणं बंद करा, चांगले निघालेत आता. आईवडिलांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याचा विषय कुणीतरी काढतं, त्यातला महिन्याला १० हजारांपर्यंतचा निर्वाह खर्च निघतो, आणि रात्री अकराच्या सुमारास सगळे शुभरात्रीचं फूल टाकून झोपतात. या चर्चेत माझी वहिनी कधीच काही लिहीत नाही. सांगलीच्या घरात आईला अंघोळ घालणारी, जेवू घालणारी आणि रात्री तीनदा उठणारी ती एकटीच आहे.

माझी तक्रार दोन्ही तटांबद्दल आहे. दोघांनीही धरून चाललंय की म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचं कसं हे मुलासुनेला येतंच, प्रश्न फक्त दानतीचा. मला तर ते येत नव्हतं. वहिनीलाही येत नव्हतं. दादाचं तर विचारूच नका.

२०१३ साली माझ्या बाळंतपणाला आई इथं आली होती, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. बॅगेत डिंक, अळीव, सहाण आणि घुटीची पुरचुंडी: वेखंड, मायफळ, मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड. इथं बाळ चार महिन्यांचं व्हायच्या आत वॉर्डातर्फे, म्हणजे आमच्या भागाच्या पालिकेतर्फे, कुणीतरी प्रत्येक घरी येऊन जातं. आमच्याकडे पन्नाशीची एक परिचारिका आली. बाळाचं वजन केलं, माझी झोप विचारली, आणि सहाणेशेजारची मधाची बाटली तिनं पाहिली. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. ती आईसमोर खाली बसली आणि एकेक मुळी उचलून विचारायला लागली, हे काय, हे कशासाठी. मी दुभाष्या. आईला वीस मिनिटं इतकं महत्त्व उभ्या जन्मात कुणी दिलं नव्हतं. बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि शेवटी एकच गोष्ट सांगितली, तीही माझ्याकडे न बघता आईकडे बघून: वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, त्यातल्या जिवाणूंना तोंड देण्याइतकं त्याचं आतडं अजून तयार नसतं.

आईनं बाटली उचलून फडताळात ठेवली. मला मात्र म्हणाली, ‘तुला दिला होता त्याचं काय?’ २०१७ साली इथल्याच आदाची वॉर्डात सहा महिन्यांचं एक बाळ फळांच्या रसात घातलेल्या मधामुळे गेलं. घरच्यांनी चांगलं म्हणूनच दिला होता. मी फोनवर आईला ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग तिनं विचारलं, ‘त्या बाई अजून आहेत का गं तिथं?’

शेजारच्या सायतामा शहरानं तर आजी-आजोबांसाठी वेगळी पुस्तिका छापली. पूर्वी काय सांगायचे, आता काय सांगतात आणि मधल्या काळात असं काय कळलं, म्हणून सांगणं बदललं. सारखं कडेवर घेतलं की बाळाला सवय लागते, हे तिथल्या आज्याही म्हणायच्या. चमचा आपल्या तोंडाला लावून मग बाळाला भरवणं तिथंही चालायचं. ‘तुमचं चुकलं’ असा सूर त्यात कुठंच नाही, हे मला फार आवडलं. आपल्याकडे आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. ही काही लहान गोष्ट नाही, आणि जपान्यांपुढे मी ती अभिमानानं सांगते. पण त्यांची वही बाळ-बाळंतिणीची. घुटीचा निर्णय जिच्या हातात असतो ती सासू दाराआड उभी राहून ऐकते आणि आशाताई गेल्यावर आपलंच खरं करते.

आता आईचं सांगते.

२०१९ मध्ये आमच्या गल्लीत फिरणाऱ्या सूचनांच्या फाइलमध्ये एका वर्गाची चिठ्ठी होती. फुकट, नव्वद मिनिटं. विषय निन्चिशो, म्हणजे डिमेन्शिया, स्मृतिभ्रंश. मी गेले ती जपानी कान सुधारायला. हा वर्ग देशभर २००५ पासून चालतो. बँकेतले कारकून, सुपरमार्केटच्या गल्ल्यावरच्या बाया, शाळेतली मुलंसुद्धा तो करतात. आत्तापर्यंत एक कोटीहून जास्त लोकांनी केलाय. शेवटी मनगटात घालायला एक नारिंगी रबरी कडं मिळालं. लक्षात राहिले ते तीन ‘नको’: दचकवायचं नाही, घाई करायची नाही, मान दुखवायचा नाही.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. या आजाराला जपानीत आधी ‘चिहो’ म्हणायचे. त्यातली दोन्ही अक्षरं मूर्खपणाची. २००४ मध्ये सरकारनं ठरवून तो शब्द काढला आणि निन्चिशो आणला. आमच्या एदोगावा वॉर्डात म्हाताऱ्यांच्या मदत केंद्राच्या पाटीवरही ‘वृद्ध’ नाही, ‘जुकुनेन’ आहे, पिकलेली वर्षं. मला आपलं ‘साठी बुद्धी नाठी’ आठवलं आणि मी गप्प बसले.

दोन वर्षांनी आईला तेच निदान झालं. संध्याकाळी चार वाजले की ती पिशवी भरायची. ‘मला घरी जायचंय.’ वहिनी म्हणायची, ‘आई, हेच आपलं घर.’ तीस वर्षं तिथं राहिलेली बाई तिच्याकडे परक्यासारखी बघायची आणि मग रडारड. मी इथून फोनवर माझं ज्ञान पाजळलं: ‘वहिनी, वाद घालायचा नाही. घर कुठंय, दारात काय आहे, असं विचारायचं. मग दोघींनी कोपऱ्यापर्यंत चालून परत यायचं.’ वहिनीनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘वन्सं, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो आम्ही रोज. कुकर कोण बंद करणार तेवढ्यात, ते तुमच्या वर्गात सांगितलं का? आणि हे सगळं मलाच का सांगताय? तुमच्या दादांना फोन नाही का?’

फोन ठेवल्यावर ते नारिंगी कडं मी ड्रॉवरमध्ये टाकलं.

इथं एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर हे ‘तिकडे सगळं छान’ छापाचं होईल. माझ्या त्या वर्गात वीसेक जणांत पुरुष दोन, दोघेही निवृत्त. मंगळवारी सकाळी दहाला वर्ग ठेवला की दुसरं कोण येणार? जपानमध्ये वर्षाला सुमारे एक लाख माणसं घरच्या आजारपणासाठी नोकरी सोडतात. कायद्यानं एका नातेवाइकामागे ९३ दिवसांची रजा आहे, तीन तुकड्यांत घेता येते, विम्यातून पगाराच्या ६७ टक्के मिळतात, तरीही सोडतात. २०२३ मध्ये निन्चिशो झालेली १९ हजारांवर माणसं हरवल्याची नोंद पोलिसांत झाली. २००० पासून काळजीसाठी वेगळा विमा आहे, चाळिशीपासून प्रत्येकाचे पैसे कापतात, आणि तेवढ्यानंही भागत नाही.

तरी एक निकाल इथं माझ्या मनात बसला. २००७ मध्ये आइची प्रांतात ९१ वर्षांचा एक आजारी गृहस्थ घराबाहेर पडला आणि रेल्वेखाली गेला. त्या वेळी ८५ वर्षांची बायको शेजारी बसली होती, तिचा काही मिनिटं डोळा लागला. थोरला मुलगा लांब योकोहामात. त्याची बायको मात्र सासऱ्यांसाठी योकोहामा सोडून तिथं राहायला आली होती. (सून तिथंही सूनच.) गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीनं घरच्यांवर सुमारे ७२ लाख येनांचा दावा लावला. खालच्या कोर्टानं म्हातारीला आणि मुलाला ते भरायला सांगितलं. २०१६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही मोकळं केलं. त्या दिवसांत इथल्या लोकांचं बोलणं ऐकत होते. ‘मुलानं काय केलं?’ असं विचारणारे होतेच. पण मोठा आवाज वेगळा होता: चोवीस तास डोळ्यात तेल घालून बसणं एका माणसाला जमणारंच नाही, तर स्टेशन, दुकानदार, शेजारी यांना काय माहीत असायला हवं?

लातूरच्या ठरावात हे दुसरं अर्धं नाही. ३० टक्के कापा, माझी ना नाही. पैसे न देणाऱ्याला शिक्षा असावी. पण कापलेल्या पैशांनी पाठीवरचे व्रण बरे होत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दोन दोन तासांनी बदलायला लागते आणि ती ओढून बदलली तर कातडी सोलवटते, हे आमच्या घरात वडिलांच्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या दवाखान्यानं त्यांना घरी सोडलं तिथं बिलाची पंधरा पानं समजावून सांगितली. कागदावर खाली लिहिलं होतं, ‘काळजी घ्या.’ मग ब्युरोतून मावशी आली. तिलाही कुणी शिकवलं नव्हतं, ती बिचारी आधीच्या पेशंटवर शिकून आली होती.

आणि यासाठी तोक्योकडे बघायची गरज आहे असंही नाही. पुण्यात पार्किन्सन्स म्हणजे कंपवात झालेल्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं पार्किन्सन्स मित्रमंडळ कित्येक वर्षं चाललंय. तिथं पेशंट आणि केअरटेकर म्हणत नाहीत, शुभार्थी आणि शुभंकर म्हणतात. जपान सरकारनं जे ठरवून केलं ते आपल्याकडे माणसांनी आपसात बसून केलं. गोव्यात तर डिमेन्शियाच्या घरांसाठी रीतसर प्रयोग झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक भाषा येणाऱ्या, बेताच्या शिकलेल्या माणसांना एक आठवडा शिकवलं आणि ८१ कुटुंबांपैकी निम्म्यांकडे सहा महिने पाठवलं. घरातल्याला समजावणं, शांतपणे ऐकून घेणं, गरज पडल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देणं, एवढंच काम. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण मोजण्याइतका कमी झाला. एका आठवड्याचं शिक्षण! भारतात साठीच्या पुढचे ८८ लाख लोक या आजारात आहेत असा अंदाज आहे. त्यांतल्या किती घरांत असं कुणी पोचलं?

उलट आपण माणसं बाहेर पाठवायला निघालोय. २०१९ पासून जपाननं काही ठरावीक कामांसाठी वेगळा व्हिसा काढला, त्यात म्हाताऱ्यांची शुश्रूषाही आहे, २०२१ मध्ये भारताशी करारही झाला. तरुण मुलांनी जरूर यावं, पगार चांगला आहे, आमच्या वॉर्डात पोहेसुद्धा मिळतात. पण इथल्या परक्या आजोबांना खुर्चीतून पलंगावर कसं न्यायचं हे त्या मुलाला भाषेसकट शिकवायची सोय होऊ शकते, तर सांगलीतल्या सुनेला, मुलाला दोन शनिवार का नाही? जागा आहेत. गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांच्या सभागृहात वाढदिवस आणि सुगम संगीत होतं. तिथंच चाळिशीतल्या मुलांनाही बोलवा. रविवारी बोलवा. हे काम पुन्हा आशाताईंच्या डोक्यावर टाकू नका मात्र. टाकायचंच तर पूर्ण मोबदला देऊन टाका.

वहिनीच्या घरी शिकवण्या असायच्या, दहावीचं गणित. आईचं वाढलं तशा तिनं त्या बंद केल्या. जपानमधले ते एक लाख निदान मोजले जातात. वहिनीनं नोकरी सोडली असं आमच्या घरातसुद्धा कुणी म्हटलं नाही, कारण ती नोकरी होती असंच कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही.

गेल्या दिवाळीत मी सांगलीला तीन आठवडे राहिले. आई अंघोळीला तयार नसायची. माझे तीन ‘नको’ पहिल्याच सकाळी संपले. वहिनीनं बाहेरून हाक मारली, ‘आई, मिरजेच्या आत्या येताहेत, साडी बदलायची ना?’ आई उठून बाथरूमकडे निघाली. मिरजेच्या आत्या जाऊन बारा वर्षं झाली. मी हे वहीत लिहून ठेवलं. त्या तीन आठवड्यांत अशी चौदा पानं भरली: औषध कशात कालवायचं, घास गिळला की नाही ते कसं ओळखायचं, रात्री दिवा कुठला चालू ठेवायचा. निघताना ती वही मी दादाच्या हातात दिली आणि पुढच्या रविवारपासून सकाळचे तीन तास त्याचे, असं ठरवून घेतलं. त्यानं मान डोलावली, आढेवेढे घेतले नाहीत.

पहिल्या रविवारी वहिनी मैत्रिणीकडे मिरजेला गेली. दादानं तिला सात फोन केले. सातवा तिनं उचलला नाही.