‘ऑक्सिजन घट्ट धरा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

महिनाभर झाला, आमच्या गल्लीच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आणि वहिनींच्या माहेरच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. ‘हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातलं लोखंड. ते चुंबकासारखं ऑक्सिजनला ओढतं. जितकं घट्ट धरेल तितकी अंगात ताकद. ऑक्सिमीटरवर १०० आलेच पाहिजेत. ९६ म्हणजे शरीरात चार टक्के टंचाई. उपाय म्हणून कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजनयुक्त पाणी प्या. आणि आकडा ९८ असेल तर रक्तवाढीच्या गोळ्या बंद करा, कारण रक्त भरलेलंच आहे.’ खाली हात जोडलेले आणि अकरा जणांना पाठवायची विनंती.

हाच मजकूर कन्नडमधूनही आलाय. १९५६ पासून बेळगावात ज्या दोन भाषांचं कशावर एकमत होत नाही, त्यांचं यावर झालं.

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. असले मेसेज रोज येतात, रोज पुसतो. पण आमच्या वहिनींनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ बघितले आणि आशाताईंनी दिलेल्या गोळ्या कपाटात टाकल्या. म्हणून हे लिहायला बसलो.

चुंबकाचं आधी बघू. हिमोग्लोबिनमध्ये लोह आहे, खरं. पण ते खिळ्यातलं लोखंड नव्हे. एका चपट्या रासायनिक चकतीच्या, म्हणजे हीमच्या, मधोमध लोहाचा एकच अणू बसलेला असतो. चार बाजूंनी चार नायट्रोजन अणूंनी धरलेला, पाचव्या बाजूने प्रथिनातल्या हिस्टिडीन नावाच्या अमिनो आम्लाने. सहावी बाजू मोकळी, तिथे ऑक्सिजन येतो. तो येतो ते रासायनिक बंधाने, चुंबकाच्या ओढीने नव्हे. १९३६ साली लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी मोजून दाखवलं की ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, पण ऑक्सिजन घेतलेलं किंचित दूरच सरतं. मेसेजवाल्याचं चुंबक नेमकं ऑक्सिजन मिळाल्यावरच बंद पडतं म्हणायचं.

आणि ऑक्सिजन घट्ट धरणारं लोखंड बघायचंच असेल तर पावसाळ्यात अंगणात राहिलेला नांगराचा फाळ बघा. त्याला गंज म्हणतात. एकदा धरला की सोडत नाही. रक्तातलं लोह असं बिघडू नये म्हणून प्रथिनाने त्या चकतीला आपल्या घडीत, पाण्यापासून दूर, लपवून ठेवलेलं असतं. तरी रोज थोडं बिघडतंच, आणि तांबड्या पेशीतलं एक विकर (एन्झाइम) ते दुरुस्त करत राहतं. कापडावर सांडलेलं रक्त हळूहळू तपकिरी दिसू लागतं, ते ही दुरुस्ती थांबल्यामुळे. तसं तपकिरी झालेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन उचलतच नाही.

आता ‘घट्ट’ या शब्दाकडे येतो. मेसेजचं सगळं चुकतंय ते इथे.

हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे प्रथिनाच्या चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा, प्रत्येकीत एक हीम. म्हणजे चार जागा. मॅक्स पेरुत्झ यांनी केंब्रिजमध्ये १९३७ साली क्ष-किरणांनी या रेणूची रचना शोधायला सुरुवात केली, ती हाती लागायला १९५९ उजाडलं, आणि १९६२ साली जॉन केंड्रू यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. चार साखळ्या एकमेकींना कशा हलवतात हे नीट उलगडायला आणखी काही वर्षं गेली.

पोरांना हे मी वडापवरून, म्हणजे भरली की सुटणाऱ्या जीपवरून, सांगतो. स्टँडबाहेर रिकामी वडाप उभी असली की पहिला माणूस काही बसत नाही. ‘भरू दे, मग येतो.’ एक बसला की दुसरा बसतो, तिसऱ्याला तर हाक मारायलाही लागत नाही. हिमोग्लोबिनच्या चार जागांचं असंच आहे, फक्त इथे गाडीच आकार बदलते. रिकामा रेणू आखडून बसलेला असतो, साखळ्या एकमेकींना बंधांनी जखडलेल्या. लोहाचा अणू चकतीच्या पातळीपासून मिलिमीटरच्या सुमारे अडीच कोटीव्या भागाइतका बाहेर असतो. पहिला ऑक्सिजन कसाबसा बसला की लोह आत ओढलं जातं, त्याच्याबरोबर हिस्टिडीन, त्याच्याबरोबर साखळीचा एक वेटोळा भाग. ताण शेजारणीपर्यंत पोचतो, बंध तुटतात, रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या मानाने सुमारे १५ अंश फिरतो. मग उरलेल्या जागा ऑक्सिजनला सहज घेतात. उतरतानाही तसंच: एक उतरला की बाकीच्यांची पकड सैल होते.

याने साधतं काय? फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब साधारण १०० मिलिमीटर पारा. तिथे हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरतं. नुसते बसलेलो असताना शरीरातून फिरून परतणाऱ्या रक्तात तो दाब ४० च्या आसपास असतो आणि हिमोग्लोबिन ७५ टक्के भरलेलं. म्हणजे चौघांतला एकच उतरला. पण अथणीकडच्या फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या पायात तो दाब २० पर्यंत घसरला, तर तिथे एक तृतीयांशच भरलेलं राहतं. शिवाय राबणाऱ्या स्नायूत आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड साठतो, उष्णता वाढते. या तिन्हींनी पकड आणखी ढिली होते. यातला कार्बन डायऑक्साइडचा परिणाम ख्रिश्चन बोर आणि सहकाऱ्यांनी १९०४ साली मांडला. (अणूवाले नील्स बोर यांचे हे वडील.) जिथे गरज जास्त तिथे जास्त सोडायचं, आणि तेही मेंदूकडून काही हुकूम न येता, नुसत्या रचनेच्या जोरावर.

समजा मेसेजवाल्याची इच्छा पुरी झाली आणि रक्तात ‘घट्ट धरणारं’ हिमोग्लोबिन आलं. असं प्रथिन निसर्गात आहे: स्नायूतलं मायोग्लोबिन. एकच साखळी, एकच जागा, शेजार नाही. ४० च्या दाबालाही ते ९० टक्क्यांहून जास्त धरून बसतं. स्नायूत साठा म्हणून ते उत्तम आहे. रक्तात मात्र गाडी भरून गावात आली, सगळे थांबे घेतले आणि कोणी न उतरता परत गेली, अशी गत व्हायची.

उलट पकड सैल ठेवायला शरीर मुद्दाम खर्च करतं. तांबड्या पेशीत बीपीजी नावाचं एक संयुग तयार होतं. ते दोन बीटा साखळ्यांच्या मधल्या पोकळीत पाचरीसारखं बसतं आणि रेणूला आखडलेल्या, ऑक्सिजन सोडणाऱ्या रूपात रोखतं. हे १९६७ साली कळलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे लेहला राहून आलेला माणूस आमच्याकडे गल्लीआड भेटतो. तिथे विमानातून उतरल्यावर पहिले दिवस विश्रांतीच का, हे त्यांना पाठ असतं. विरळ हवेशी शरीर जुळवून घेतं त्यातला एक भाग म्हणजे ही पाचर वाढवणं.

घट्ट पकड कधीच कामाची नाही, असं मात्र म्हणणार नाही. पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन काढून घ्यायचा असतो, म्हणून त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात. त्यांत पाचर नीट बसत नाही आणि पकड आईपेक्षा घट्ट राहते. दुसरं उदाहरण गदगजवळच्या मागडी तळ्यावर हिवाळ्यात उतरतं. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस. त्यांच्या अल्फा साखळीत एका जागी अमिनो आम्ल बदललंय, त्याने दोन साखळ्यांमधला एक संपर्क सुटलाय आणि पकड वाढलीय. उंचावर भरून घेणंच अवघड, म्हणून. आपण काही उडत बेळगावला येत नाही.

घट्ट पकडीने माणूस मरतो कसा, ते मात्र आपल्याच भागात घडू शकतं. खानापूर-जांबोटीकडे पाऊस लागला की खोली बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवतात. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त चिकटतो. जागा अडवतो हे एक; पण त्याच्या बसण्याने रेणू ऑक्सिजन घट्ट धरणाऱ्या रूपात अडकतो आणि उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही सुटेनासा होतो. मेसेजवाल्याला हवं तेच. त्यात साधा ऑक्सिमीटर दोनच रंगांचे प्रकाश बोटातून पाठवतो आणि कार्बन मोनॉक्साइडवालं रक्त त्याला ऑक्सिजनवाल्यासारखंच दिसतं. माणूस बेशुद्ध आणि आकडा ९८. विडीच्या धुरातही हाच वायू असतो, हे तंबाखूवाल्या निपाणीकरांना उद्देशून म्हणत नाही, पण म्हणतो.

‘९६ म्हणजे टंचाई’ या मुद्द्याला फार वेळ देत नाही. फुप्फुसांना फेरा न घालता थोडं रक्त थेट पुढे जातं, म्हणून निरोगी माणसाचा आकडा ९५ ते ९९ असतो. ९६ आणि ९९ यांतल्या ऑक्सिजनचा फरक नगण्य. धोका खाली आहे. ९० म्हणजे दहाच कमी वाटतात, पण तिथे दाब १०० वरून ६० वर आलेला असतो आणि पुढे उतार कड्यासारखा. आकडा ९४ च्या खाली राहू लागला की डॉक्टर गाठायचा, पुरचुंडी नाही.

पुरचुंडीने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, हिमोग्लोबिनला त्याचा पत्ताही नसतो. लहान मुलांपासून तर कापूर लांबच ठेवा. पोटात गेला तर झटके येतात. ऑक्सिजनयुक्त पाण्याचं म्हणाल तर पाणी पोटात जातं आणि श्वास फुप्फुसात. बाटलीभर पाण्यात जेवढा जादा ऑक्सिजन दडपता येईल तेवढा दोनचार श्वासांत फुकट मिळतो.

राहिल्या गोळ्या. ऑक्सिमीटर सांगतो ती टक्केवारी: असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलंय. मुळात किती आहे, हे तो सांगत नाही. दहा गाड्यांपैकी दहा भरल्या, शंभर टक्के. पाचच गाड्या आहेत आणि पाचही भरल्या, तरी शंभर टक्के. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम असेल तर २० मिलिलिटर. साडेसात असेल तर दहा. दोघांच्या बोटावर ९८ च. रक्तात नुसता विरघळून जाणारा ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर, त्यावर जगता येत नाही. त्यामुळे ९८ बघून गोळी बंद करणं म्हणजे गाडीत गर्दी आहे म्हणून नवी गाडी नको म्हणणं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली, तर तो पंडुरोग, म्हणजे ॲनिमिया. आणि तो कळतो रक्त तपासून.

वहिनींचं तपासलं. ८.१ आलं. ‘मग ते यंत्र काय खोटं सांगूलाय?’ त्यांनी विचारलं. खोटं नाही, वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतंय, म्हटलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात, आता चहाबरोबर नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर. शौचाला काळं होतं म्हणून घाबरल्या होत्या, ते गोळीमुळेच होतं हे आशाताईंनीच सांगितलं. ऑक्सिमीटरचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घातलेत.