मामा, तो डायोड बसवू नकोस

काल नागपूरहून मामाचा फोन. "अगं, उद्या वायरमन येतोय. अल्टरनेटरच्या सेन्स वायरीत एक डायोड टाकायचा, १४.२ चं व्होल्टेज १४.९ वर जातं, मागच्या बॅटऱ्या दुप्पट टिकतात." सेन्स वायर म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारं जनित्र) जिच्यावरून स्वतःचं व्होल्टेज मोजतो ती. डायोड तिथे ०.७ व्होल्ट खातो, म्हणून अल्टरनेटर तेवढं जास्त देतो. हाच मेसेज याआधी तिघांनी मला पाठवला होता, मी सोडून दिला. पण मामाने ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्पर, म्हणजे राहायची गाडी, केली आहे, मागे पलंगाखाली दोन सीलबंद एजीएम बॅटऱ्या (अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेल्या) आहेत आणि मे चालू आहे.

मेसेज म्हणतो, "कुठल्याही बॅटरीला, कुठल्याही हवेत चालतं." साफ चूक. अशी बॅटरी भरायला १४.४ व्होल्ट लागतात, पण हा आकडा २५ अंशांचा. बॅटरी तापली की तिला व्होल्टेज कमी लागतं, दर सेलला दर अंशामागे साधारण ४ मिलिव्होल्ट. मामाच्याच बॅटरीच्या पत्रकात हे छापलंय, मी फोटो मागवून वाचलं. सेल सहा, बॅटरी ४५ अंशांवर, म्हणजे १३.९ पुरे. तिथे आपण देणार १४.९! आणि तेही पचमढीपर्यंत सलग पाच-सहा तास, कारण बॅटरी भरली हे डायोडला कळत नाही. चांगला चार्जर भरल्यावर १३.५ च्या आसपास उतरतो, हा उतरत नाही. आतल्या पाण्याचा हायड्रोजन होऊन व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो, आणि सीलबंद बॅटरीत पाणी परत घालता येत नाही. बॅटरी फुगते, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. बंद जागेत हवेत ४ टक्के हायड्रोजन साचला की एक ठिणगी पुरते. त्या पलंगावर मामी झोपते. बॉनेटखालच्या बॅटरीलाही तेच १४.९ बसणार, ते वेगळं.

"लिथियमला बीएमएस असतं, काळजी नाही." बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षक सर्किट, बॅटरीला वाचवतं, अल्टरनेटरला नाही. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते, आणि गाडी उभी ठेवून इंजिन संथ चालवलं तर अल्टरनेटरला थंड ठेवणारा पंखाही संथ फिरतो, आणि तो तापतो. चार्जर बनवणाऱ्या व्हिक्ट्रॉन कंपनीने ही चाचणी टेबलावर करून व्हिडिओ टाकलाय. त्यात अल्टरनेटरमधून धूर निघतो.

"हेडलाइट उजळ होतात." होतात, आणि बल्ब लवकर जातात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. मागची बॅटरी खरंच पूर्ण भरत नाही, आणि अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट चढतं. पण त्याचं मोठं कारण वायर आहे. मामाची वायर १० स्क्वेअरची (म्हणजे १० चौरस मिलिमीटर जाडीची), जाऊन-येऊन १२ मीटर. ३० अँपिअरला ०.६ व्होल्ट वाटेतच जातात. २५ स्क्वेअरची घातली तर पाव व्होल्ट. उरलेलं काम डीसी-डीसी चार्जरचं, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज मागच्या बॅटरीला हवं तसं करून देणाऱ्या डब्याचं: मागच्या बॅटरीजवळ बसवायचा, सेटिंग एजीएमचं, तापमानाचा सेन्सर बॅटरीला चिकटवलेला, आणि इंजिन चालू असेल तेव्हाच सुरू.

मामा, वायरमनला नको म्हणू नकोस. फक्त डायोडऐवजी जाड वायर आणायला सांग, आणि तो आला की मला फोन लाव.