‘ओपन टू वर्क’ लपवलं तरी पूर्ण लपत नाही

लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’मध्ये, म्हणजे आपण नोकरी शोधतोय हे कळवायच्या सोयीत, ‘फक्त रिक्रूटर्स’ (कंपन्यांसाठी माणसं शोधणारे) हा पर्याय निवडला की सध्याच्या कंपनीला काही म्हणजे काही कळत नाही, असा मेसेज नोकरीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतोय. तो अर्धाच खरा आहे, आणि उरलेला अर्धा एखाद्याची चालू नोकरी अडचणीत आणू शकतो.

या पर्यायात फोटोभोवती ‘ओपन टू वर्क’ची हिरवी पट्टी येत नाही, हे बरोबर. तुमच्या आणि संलग्न कंपन्यांतल्या रिक्रूटर्सपासून ही माहिती लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, हेही बरोबर. पण पूर्ण गुप्ततेची हमी देता येत नाही, असं लिंक्डइननेच हेल्प पेजवर सांगितलंय. शिवाय तुमच्या कंपनीसाठी माणसं शोधणारी बाहेरची कन्सल्टन्सी असेल, तर तिला तुमचं नाव दिसू शकतं. तिथून एचआरला एक फोन गेला की झालं.

त्याहून वाईट म्हणजे, काही जण हा पर्याय निवडतात आणि हेडलाइनमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर नावाखालच्या ओळीत, मात्र ‘नव्या संधीच्या शोधात’ लिहून मोकळे होतात. अहो, ती ओळ साहेबांनाही दिसते! हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात. तिथे ‘अकाउंट्स, जीएसटी रिटर्न, टॅली’ असं नेमकं काम लिहा. रिक्रूटर तेच शब्द टाकून शोधतो.