जिनिंगची भिंत अन् पावसापुरती अक्षरं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात सध्या बंद जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्याच्या, भिंतीवरून वाद पेटलाय. पोरांचं म्हणणं, दिवाळीनंतर या लांबलचक भिंतीवर चुन्या-गेरूनं ठळक अक्षरांत गावाचा इतिहास लिहू: सरकी काढायचे रेचे, गठाणी, इथला कापूस मुंबईच्या वाटेला लावणारी शकुंतला गाडी. पावसानं धुतलं की पुढच्या वर्षी दुसरं लिहू. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, पावसात वाहून जाणाऱ्या अक्षरांवर पैसा कशाला? वेशीवर ग्रॅनाइटची पाटी बसवा.

मी बर्लिनमध्ये राहतो, म्हणजे मत द्यायला मोकळाच. माझं मत पोरांच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर.

इथं शॉयनेनफिअर्टेल नावाची जुनी वस्ती आहे. युद्धाआधी तिथं गरीब ज्यू कुटुंबं दाटीवाटीनं राहायची. नाझींनी ती संपवली. 1991-92 च्या सुमारास शिमोन ॲटी या अमेरिकन कलावंतानं त्या गल्ल्यांचे जुने फोटो प्रोजेक्टरनं तिथल्याच कळकट भिंतींवर पाडले. पुसून गेलेल्या दुकानांच्या हिब्रू पाट्या पुन्हा त्या रस्त्यावर उजळल्या, एखाददोन रात्रींपुरत्या. याच शहरात फुटपाथमध्ये नाझींच्या बळींसाठी पितळी पत्र्याचे ठोकळेही बसवलेत, नाव, जन्मसाल आणि पुढं काय झालं ते कोरलेले. ते कायमचे. दोन्ही चालतात, कारण ठोकळ्यावर नाव त्या माणसाचंच असतं, बसवणाऱ्याचं नाही.

आपल्याकडच्या पाटीवर काय असतं? अमुक यांच्या शुभहस्ते, तमुक प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, सौजन्य. उरलेल्या वीतभर जागेत इतिहास. रुईचा भुसा नाकातोंडात घेत दिवसभर कापूस निवडणाऱ्या बायांना त्यात कुठली जागा? अन् काही गोष्टी ग्रॅनाइटवर कुणी कोरणारच नाही. वर्धा जिल्ह्यातल्या डोरलीच्या कास्तकारांनी 2005-06 च्या सुमारास गाव विक्रीला काढल्याचा फलक लावला होता. विदर्भाचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास एका ओळीत लिहायचा तर मी तीच ओळ घेईन. उद्घाटनाला मात्र कुणी येणार नाही.

आमच्या भिंतीवरही एक ओळ अजून शिल्लक आहे. चुन्याचे थर पोपडे होऊन पडलेत, त्याखालून निळ्या ऑइलपेंटमध्ये दिसतं: ‘ओला कापूस घेतला जाणार नाही’. ‘घे’ची मात्रा गेलीय. शिरोरेघ मात्र अजून सरळ, दोरीला खडू लावून मारलेली. ती ओळ तशीच ठेवून बाकीची भिंत रंगवा, एवढा तरी हट्ट मी धरणार.

आता अट. ॲटीला पुराभिलेखात जुने फोटो सापडले, म्हणून त्याला दोन रात्री पुरल्या. आपल्याकडे असं काही जपलेलं नाही. जे आहे ते दोन-चार म्हाताऱ्या हमालांच्या तोंडात. त्यामुळे ब्रश उचलायच्या आधी पोरांनी त्यांच्या ओट्यावर बसावं, मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करावं, अन् रंगवलेल्या भिंतीचे फोटो शाळेत ठेवावेत. हे झालं नाही तर ज्येष्ठ मंडळींची शंका रास्तच ठरेल. लिहायला गावातला पेंटर आहेच. फ्लेक्स आल्यापासून त्याचा हात रिकामाच आहे.

त्याची मजुरी मी पाठवतो, असं ग्रुपवर टाकलं. लगेच एका पोराचं उत्तर आलं: “दादा, मंग सौजन्यात तुमचं नाव केवढं टाकाचं?”