ऑपरेशनने संधिवात मुळासकट जातो? नाही हो

नाशिकमध्ये सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतोय, वजन कमी करायचं ऑपरेशन केलं की रूमेटॉइड संधिवात मुळासकट जातो आणि गोळ्या कायमच्या बंद. अहो, असं नसतं. वजन उतरलं की गुडघ्यावरचा भार कमी होतो, बऱ्याच जणांची सूजही कमी होते, पण आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटलीय तो आजार पोट छोटं केल्याने बरा होत नाही. आणि त्यावर ‘ऑटोइम्यूनवाल्यांना, म्हणजे प्रतिकारशक्ती अशी उलटलेल्यांना, हे ऑपरेशन चालतच नाही’ असं जे उत्तर फिरतंय तेही चूक, आजार आटोक्यात असेल तर करतात.

खरी गोम औषधांत आहे आणि त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही. स्टेरॉइड चालू असेल तर जखम भरायला वेळ लागतो, इन्फेक्शनचा धोका वाढतो, पण म्हणून ते मनाने एकदम बंद करणं त्याहून वाईट. बायोलॉजिक इंजेक्शनची, म्हणजे संधिवातात प्रतिकारशक्ती आवरायला देतात त्या इंजेक्शनची, तारीख बहुतेक वेळा पुढे ढकलावी लागते. वजनासाठी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे पोट छोटं करून आतड्याला जोडायचं ऑपरेशन, केलं तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलर टाळाव्या लागतात, नाहीतर पोट-आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो, आणि संधिवातवाल्यांच्या पर्समध्ये नेमकी तीच स्ट्रिप असते! थायरॉइडच्या गोळीचा डोस परत बघावा लागतो, बी १२, लोह, कॅल्शियम तर जन्मभर.

त्यामुळे सर्जनकडे जायच्या आधी सगळ्या औषधांची यादी घेऊन संधिवाताच्या डॉक्टरांना भेटा, आणि दोघांचं आपसात बोलणं करून द्या.